'पुन्हा एकदा बघून येते'

शकुन-अपशकुन आणि सुटत नाहीत अशा छोट्या सवयी यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या अंकात घेतली आहेत. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणं, परीक्षेला जाणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवणं यात कुणाचं काही बिघडत नाही. ते एकदा केलं की झालं. बहुतेक पत्रांतला त्रास वेगळा आहे, तिथे एकदा करून भागत नाही.

मी ऐरोलीत राहते, नोकरी वाशीला. गॅस बंद केलेला असतो, तरी कुलूप लावलं की खात्री वाटत नाही. लिफ्टपर्यंत जाऊन तीन-तीनदा परत येते. हल्ली शेगडीचा फोटो काढून ठेवते, पण गाडीत बसल्यावर वाटतं, हा कालचा तर नसेल? माझी स्मरणशक्ती कमी होत चालली आहे का?

नाही. स्मरणशक्ती शाबूत आहे, तिच्यावरचा भरवसा उडाला आहे, आणि तो पुन्हापुन्हा तपासल्यामुळेच उडाला आहे. व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची गॅसची शेगडी वीस वेळा तपासायला लावली होती. शेवटी कोणती बटणं तपासली हे विचारल्यावर उत्तरं बरोबरच आली. पण आठवण धूसर झाली होती आणि 'मला पक्कं आठवतंय' असं म्हणण्याइतका विश्वास राहिला नव्हता. तेच बटण, तोच हात, तेच बघणं. अशाने आताचं बघणं मघाच्या बघण्यात मिसळून जातं. म्हणजे चौथ्यांदा बघून आलात की खात्री वाढत नाही, घटते.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो. तपासणी एकदाच, आणि चपला घालण्याआधी. आधी बर्नरची बटणं बघा, मग सिलिंडर असेल तर रेग्युलेटरची कळ. पाइपचा गॅस असेल तर ओट्याजवळचा कॉक बघा: दांडा पाइपच्या रेषेत असेल तर चालू, पाइपला आडवा असेल तर बंद. बघून झालं की स्वयंपाकघरातला दिवा घालवा आणि बाहेर पडा. फोटो नको. बटणाला पुन्हा हात लावणं नको, 'बंद, बंद, बंद' असं पुटपुटणंही नको, कारण चार दिवसांत त्या पुटपुटण्याचीच सक्ती होते.

कुलूप लावल्यावर शंका येणारच. तिला उत्तर देऊ नका, फक्त शून्य ते दहा असा आकडा द्या आणि वहीत लिहा. ऐरोली स्टेशनवर किती, घणसोलीला किती, तुर्भ्याला किती, वाशीला उतरताना किती. पहिल्या दिवशी रबाळ्यापर्यंत आकडा चढेल, जीव कासावीस होईल. तिथेच बहुतेक जण घरी फोन लावतात आणि सगळी मेहनत वाया जाते. फोन न लावता बसून राहिलात तर आकडा आपोआप उतरू लागतो. रोज केलंत तर दोन-तीन आठवड्यांत सुरुवातीचाच आकडा खाली आलेला दिसेल.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. 'हो गं, बंद आहे' हे उत्तर मायेचं असलं तरी शंकेला खतपाणी घालतं. आधी दोघांनी बसून ठरवा. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदाच उत्तर द्यायचं, दुसऱ्यापासून 'तुला शंका येतेय, थोडा वेळ जाऊ दे' एवढंच म्हणायचं. न ठरवता एकदम तोंड बंद केलं तर भांडण होतं.

आणि खऱ्या धोक्याची काळजी खऱ्या जागी घ्या. सिलिंडरच्या नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की ती बदलायची. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला तर जरूर परत फिरा. नुसतं मनात आलं तर नको.

माझा डावा डोळा आठवडाभर लवतोय. पुरुषाचा डावा डोळा लवणं वाईट म्हणतात. (कळवा)

पापणीच्या स्नायूची ही बारीक थरथर आहे. अपुरी झोप, दिवसभर स्क्रीन, जास्त चहा-कॉफी आणि ताण ही नेहमीची कारणं. झोप भरून काढा, चहा दोन कपांवर आणा, बंद डोळ्यांवर कोमट पाण्याची घडी ठेवा. थरथर दोन-तीन आठवड्यांपुढे गेली, डोळा पूर्ण मिटू लागला किंवा गाल-ओठही उडू लागले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

यजमान बाइकने घोडबंदर रोडवरून कामाला जातात. ते निघाले की मनात येतं, आज अपघात होणार. मग देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीला तीनदा हात लावते. मध्ये कुणी हाक मारली तर पहिल्यापासून. तीनचे नऊ झाले, आता एकवीस. सासूबाई म्हणतात, अभद्र मनात आणू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते. मी मनानेही वाईट आहे का?

मुळीच नाही. उलट ज्याची काळजी सर्वांत जास्त, त्याच्याबद्दलच हे विचार येतात. रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवून दिलं की कोणताही मानसिक आजार नसलेल्या बहुतेक लोकांच्या मनातही असे नको ते विचार येतात: आपल्या माणसाला इजा, देवासमोर अपशब्द, उंचावरून उडी. बाकीचे लोक ते झटकतात आणि पुढच्या कामाला लागतात. तुम्ही त्यांना महत्त्व दिलंत, कारण 'तथास्तु'ची भीती लहानपणापासून कानावर पडलेली आहे. मनात येणं म्हणजे घडणं, असं समीकरण डोक्यात बसलं की विचार पुसून टाकण्यासाठी काहीतरी करावंच लागतं. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात.

विचार येऊ नये म्हणून धडपडू नका. औषध घेताना माकड आठवायचं नाही, असं सांगितलेल्या माणसाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

आधी 'तथास्तु'चीच परीक्षा घ्या. 'उद्या रात्रीपर्यंत आपला मिक्सर बंद पडणार' असं सकाळी दहा वेळा मनात म्हणा आणि कशालाही हात लावू नका. आठवडाभर रोज एकेक वस्तू घ्या: मिक्सर, पंखा, दाराची बेल. वहीत दोन रकाने करा, काय म्हटलं आणि काय झालं. मग एक चांगली गोष्टही तशीच मागून बघा, लॉटरी म्हणा हवं तर. वास्तू वाईटालाच 'तथास्तु' म्हणते आणि चांगल्याला नाही, हे कसं, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच वहीत सापडेल.

त्यानंतर स्पर्श कमी करायचे. एकवीसवरून एकदम शून्यावर येणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून पायऱ्या करा. पहिले चार-पाच दिवस स्पर्श करायचेच, पण विचार आल्यावर पाच मिनिटं थांबून. मग पंधरा मिनिटं. मग मुद्दाम आकडा मोडा: तीन-नऊ-एकवीस सोडून चार किंवा सात, आणि कुणी हाक मारली तर पहिल्यापासून सुरू न करता तसंच सोडून उठायचं. ही पायरी सगळ्यांत जड जाते. शेवटी विचार येऊ द्यायचा आणि हातातली भाजी निवडत राहायचं. एका पायरीवरची धाकधूक निम्म्यावर आली की पुढची पायरी घ्या. घोटाळा होतो तो इथे: हात लावणं थांबतं आणि त्याच्या जागी मनातल्या मनात जप सुरू होतो, किंवा दर अर्ध्या तासाने 'पोचलात का?' असा मेसेज जातो. सक्ती तीच, कपडे बदलून आलेली. दोन्ही त्याच वहीत लिहा आणि त्याच पायऱ्यांनी कमी करा.

पूजा सोडू नका. सकाळी मनापासून नमस्कार करा, आरती म्हणा. पूजा आरती-प्रसादाने संपते आणि मन निवतं. एकवीस स्पर्शांनंतर मन निवत नाही, बाविसावा हवा होतो. सासूबाईंनाही हा फरक याच शब्दांत सांगा, त्यांना पटण्यासारखा आहे.

अशा विचार-कृतींत दिवसाचा एक तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा काम, झोप, जेवण अडत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. वर सांगितलेल्या पद्धतीचं शास्त्रोक्त रूप म्हणजे ईआरपी (भीतीला सामोरं जायचं, पण सक्तीची कृती करायची नाही) ही उपचारपद्धती. साधारण बारा ते वीस बैठका लागतात, मधला गृहपाठ चुकवायचा नाही. औषध दिलं तर फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात 'काही होत नाही' म्हणून सोडणारे फार, आणि बरं वाटल्यावर परस्पर बंद करणारेही फार. दोन्ही वेळा त्रास उलटतो.

मुलगा दहावीला आहे. एका युनिट टेस्टला निळ्या पेनाने चांगले मार्क मिळाले, तेव्हापासून दुसरं पेन धरत नाही. काढून घ्यावं का? (नेरूळ)

काढून घेऊ नका, पेनाचं वजन आणखी वाढेल. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली भुकेल्या कबुतरांना ती काहीही करोत, ठरावीक सेकंदांनी दाणे दिले. दाणे आले तेव्हा एखादं नेमकं गिरकी घेत होतं, ते गिरक्याच घेत बसलं. आठांपैकी सहा कबुतरांना असा काही ना काही चाळा लागला. ही गोष्ट मुलाला सांगा, पण टोमणा म्हणून नको. मग त्याच कंपनीची चार पेनं आणा आणि घरच्या सराव-पेपरांत प्रत्येक पानाला पेन बदलायला सांगा. बोर्डाच्या पेपरात पेन संपलं तर हात थबकणार नाही, एवढंच साधायचं आहे.

लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या गोष्टीवर. अक्षर 'बरोबर वाटेपर्यंत' खोडून पुन्हा लिहिणं, तीच ओळ चार-चारदा वाचणं, त्यापायी पेपर अपुरा राहणं. मंत्रचळ पुष्कळदा दहा-बारा वर्षांच्या आसपास किंवा विशीच्या सुरुवातीला डोकं वर काढतो. असं दिसलं तर परीक्षा संपायची वाट पाहू नका.

वडील ६८ वर्षांचे. आयुष्यभर कधी नव्हतं, पण सहा महिन्यांपासून दिवसाला तीस-चाळीस वेळा हात धुतात. (खारघर)

वय झालं म्हणून सोडून देऊ नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली अशी सवय नेहमीची नाही, तिच्यामागे मेंदूचा किंवा दुसरा शारीरिक आजार असू शकतो. फिजिशियनकडून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवणी घ्या. नेताना चालू औषधांची यादी आणि विसराळूपणा, चालण्यातला किंवा स्वभावातला बदल केव्हापासून, ते लिहून न्या. तोवर धुणं झाल्यावर हात टिपून लगेच व्हॅसलीन लावा, भेगांतून जंतू आत शिरतात. हात किती वेळ धुवायचे, याला वीस सेकंद हे उत्तर पुरेसं आहे.

नखं खायची सवय तिशीतही सुटत नाही. हाही मंत्रचळच का? (कोपरी)

मंत्रचळाच्याच कुळातली, पण निराळी सवय. इथे मनात भीती नसते, हात नकळत तोंडाकडे जातो. म्हणून उपायही निराळा, एझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेला. पहिला आठवडा फक्त नोंद करा: केव्हा, कुठे, कोणतं बोट. बहुतेकांचं ठरलेलं असतं. ट्रॅफिकमध्ये अंगठा, क्रिकेट बघताना तर्जनी. दुसऱ्या आठवड्यापासून हात निघाल्याचं जाणवताच मूठ मिटून मिनिटभर धरा, कोपर अंगाला टेकलेलं. मूठ नेहमी उशिरा मिटते, नख दातांत आल्यावर. तरीही मिटायचीच, हळूहळू ती आधी मिटू लागते.

निम्मं खाणं खरखरीत कडेमुळे सुरू होतं, म्हणून खिशात कानस आणि नेलकटर ठेवा. कड लागली की तिथेच कापा, मग संध्याकाळ असो की शनिवार. रात्री नखं कापू नयेत हा नियम मिणमिणत्या दिव्याच्या काळातला असं जुनी माणसंच सांगतात. ट्यूबलाइटखाली तो पाळून दातांना काम देऊ नका.

बहिणीला तासन्‌तास आंघोळ लागते. नात्यातल्या एकांनी 'बाधा' सांगून एका बाबांकडे नेलं. त्यांनी अकरा हजार घेतले, पुढच्या खेपेला 'झाड उतरवायला' काठी लागेल म्हणाले. काय करावं? (दिघा)

पुढच्या खेपेला नेऊच नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा त्याखाली गुन्हा आहे. अंगात शक्ती असल्याचं भासवून फसवणं, लुबाडणं हाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, आणि गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिसांना थेट नोंदवता येतो. घरात मीठ-मोहरीने दृष्ट काढणं, व्रत, नवस यांना कायदा हात लावत नाही, तेव्हा नातेवाइकांना 'देवाच्या विरुद्ध आहेत' म्हणायला जागा नाही. पैसे दिल्याची तारीख, मेसेज, ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद जपून ठेवा.

बहिणीसाठी आजच १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लावा. फोन चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे दाखवायला नेणं म्हणजे भरती करणं नव्हे, हे तिला आणि आईला आधी सांगा, कारण नावाला घाबरूनच पाऊल अडतं. जाताना आठवडाभराची नोंद न्या: आंघोळ किती वाजता सुरू, किती वाजता संपली, साबणाच्या वड्या किती लागल्या, मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू होते का. बाथरूमचं दार बडवू नका आणि गीझरही मध्येच बंद करू नका, त्याने ती पुन्हा पहिल्या तांब्यापासून सुरुवात करेल.