सोलर घड्याळ पावसाळ्यात
सेकंद काटा दोन-दोन सेकंदांनी उडी मारतोय म्हणून सेल बदलायला पळू नकोस बघ. घड्याळ उजेड मागतंय, एवढंच. आपल्या बेळगाव-खानापूरकडं पावसाळ्यात ऊन कमीच, त्यात हात सदानकदा रेनकोटच्या बाहीत. माझंही असंच बंद पडलं होतं. आता घरी आलो की खिडकीच्या कट्ट्यावर तबकडी उजेडाकडं करून ठेवतो. ढगाळ उजेडही चालतो, वेळ जास्त लागतो. ट्यूबलाइटच्या भरवशावर मात्र राहू नकोस. काटा सरळ चालू लागला तरी लगेच हातात घालू नकोस, अजून दोन-तीन दिवस उजेड खाऊ दे. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, उष्णतेनं आतला रिचार्जेबल सेल खराब होतो. आणि दुरुस्तीला दिलंस तर साधा सेल अजिबात बसवू देऊ नकोस, तो चार्ज होण्यासाठी बनलेलाच नसतो.