समाजकार्याची पदवी: माणूस सावरायचा की कायदा बदलायचा?

प्रश्न: मी साताऱ्यात एका सहकारी बँकेत नोकरी करतो. माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन पदवीधर झाली असून अमेरिकेतील एका विद्यापीठात 'मास्टर ऑफ सोशल वर्क' या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. समाजसेवा ही पोटापाण्याची सोय लागल्यावर करायची गोष्ट, असे आम्ही आजवर मानत आलो. त्यासाठी कर्ज काढावे का? शिवाय 'क्लिनिकल' आणि 'धोरण' यांपैकी एक शाखा तिला लवकरच कळवायची आहे, आणि पहिल्याच सत्रात अमेरिकेच्या कल्याणकारी धोरणाचा इतिहास हा विषय सक्तीचा आहे. त्या देशाचा इतिहास शिकून तिला काय उपयोग? – एक वडील

उत्तर:

स. न. वि. वि.

आपला पहिला प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. १९१५ साली बाल्टिमोर येथे दानधर्म आणि सुधारगृहांच्या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची राष्ट्रीय परिषद भरली होती. वैद्यकीय शिक्षणावरील अहवालामुळे प्रसिद्ध झालेले अब्राहम फ्लेक्सनर यांनी तेथे हाच प्रश्न विचारला: समाजकार्य हा व्यवसाय आहे का? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणे समाजकार्यकर्त्याकडे स्वतःचे, दुसऱ्याला शिकवता येईल असे तंत्र नाही आणि तो केवळ मध्यस्थ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप त्या क्षेत्रातील लोकांच्या फार जिव्हारी लागला, आणि पुढची कित्येक वर्षे ते स्वतःचे तंत्र सिद्ध करण्यात गुंतले. आपल्या कन्येला आज 'क्लिनिकल', म्हणजे व्यक्ती आणि कुटुंबांना समुपदेशन व उपचार देण्याची, शाखा उपलब्ध आहे, तिच्यामागे त्या धडपडीचाही मोठा भाग आहे.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडच्या १६०१ च्या गरीब कायद्याचा वारसा घेतला होता. गरिबांची जबाबदारी गावाने घ्यायची, पण गरीब कामचुकार नाही ना हे आधी तपासायचे, असे त्याचे सूत्र होते. मनोरुग्णांसाठी सरकारी जमिनी द्याव्यात म्हणून डोरोथिया डिक्स यांनी अनेक वर्षे खटपट करून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विधेयक मंजूर करवून घेतले, परंतु १८५४ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांनी नकाराधिकार वापरून ते रोखले. दानधर्म हे संघराज्याचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका मोडायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

दरम्यान शहरे वाढली, कारखाने आले आणि दोन वाटा निघाल्या. आपल्या कन्येपुढील निवडीचे मूळ या दोन वाटांतच आहे (पहिली 'क्लिनिकल'कडे नेते, दुसरी 'धोरणा'कडे), म्हणून येथे थोडे थांबतो.

पहिली वाट दानसंघटना संस्थांची, म्हणजे १८७७ मध्ये बफेलो शहरातून सुरू झालेल्या चळवळीची. सुस्थितीतील घरांतल्या स्त्रिया गरिबांच्या घरी जात, चौकशी करत, नोंदी ठेवत आणि मदतीस 'पात्र' कोण व 'अपात्र' कोण हे ठरवत. त्यात उपदेशाचा आणि संशयाचा भाग मोठा होता, हे आज वाचताना अस्वस्थ करते. परंतु याच संस्थांतून मेरी रिचमंड पुढे आल्या. त्यांनी महाविद्यालय पाहिलेले नव्हते, बाल्टिमोरच्या संस्थेत त्या खजिनदाराच्या मदतनीस म्हणून लागल्या होत्या. १९१७ साली त्यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ आला. एखाद्या कुटुंबाची हकीकत कशी ऐकावी, शेजारी, शाळा, दवाखाना यांच्याकडून काय विचारावे, ऐकीव आणि खात्रीलायक माहिती वेगळी कशी करावी, याची त्यांनी शिस्त लावली. न्यूयॉर्कच्या दानसंघटना संस्थेने १८९८ मध्ये उन्हाळी वर्ग सुरू केला होता, त्याचेच पुढे कोलंबिया विद्यापीठाचे समाजकार्य विद्यालय झाले.

दुसरी वाट जेन ॲडम्स यांची. १८८९ मध्ये एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह त्या शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावर, स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत, 'हल हाऊस' नावाच्या घरात राहायला गेल्या. गरिबाच्या घरी भेट देऊन परत यायचे नाही, शेजारी होऊन तेथेच राहायचे, हा त्यांचा आग्रह होता. वस्तीत मुले दगावत आणि कचऱ्याचे ढीग उचलले जात नसत. ॲडम्स यांनी आईबापांना स्वच्छतेचे धडे देत बसण्यापेक्षा पालिकेकडे तक्रारींचा सपाटा लावला, आणि १८९५ मध्ये वर्षाला १००० डॉलर पगारावर त्या स्वतःच आपल्या प्रभागाच्या कचरा निरीक्षक झाल्या. पहाटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे जात. एका अरुंद रस्त्यावर अठरा इंच कचऱ्याखाली चक्क फरसबंदी सापडली! तेथे रस्ता बांधलेला आहे हे राहणाऱ्यांनाही माहीत नव्हते.

याच वर्तुळाच्या प्रयत्नांतून १८९९ मध्ये शिकागोत देशातील पहिले बालन्यायालय उभे राहिले. कायद्यात मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची तरतूद होती, पण त्यांच्या पगाराची नव्हती. सुरुवातीला तो पगार नागरिकांच्या समितीने वर्गणी काढून दिला. आपण बँकेत आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो: या व्यवसायातील कित्येक पदे आधी वर्गणीवर चालली आणि मग सरकारी अंदाजपत्रकात आली. १९१२ मध्ये संघराज्याचा बालक विभाग स्थापन झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या प्रमुख हल हाऊसमधल्याच ज्युलिया लॅथ्रॉप होत्या.

१९२९ नंतरच्या महामंदीने पियर्स यांची भूमिका निकालात काढली. १९३३ मध्ये मदतकार्याची सूत्रे हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे आली, ते मूळचे न्यूयॉर्कच्या वस्तीकेंद्रातले, म्हणजे हल हाऊससारख्या गरीब वस्तीतल्या घरातले, कार्यकर्ते होते, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम राज्यांना मंजूर केली. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स या अमेरिकी मंत्रिमंडळातील पहिल्या स्त्री होत्या. त्यांनीही हल हाऊसमध्ये काम केले होते, आणि १९११ मध्ये ट्रँगल कारखान्याच्या आगीत १४६ कामगारांचे बळी गेले तेव्हा खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या मुली त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायदा झाला. दर महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा पहिला धनादेश जानेवारी १९४० मध्ये आयडा मे फुलर यांना मिळाला. रक्कम होती २२ डॉलर ५४ सेंट.

या कायद्याचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. शेतमजूर आणि घरकामगार यांना निवृत्तिवेतनातून वगळले होते, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय माणसे प्रामुख्याने हीच कामे करत. कायद्याच्या मसुद्यातील एका ओळीने लाखो घरे बाहेर राहिली. कितीही कुशल समुपदेशक त्या घरांत पाठवला असता तरी त्याच्या हातून ही उणीव भरून निघाली नसती.

आता ज्या प्रसंगासाठी हा सारा इतिहास आपल्या कन्येने वाचावा असे मला मनापासून वाटते, तो सांगतो. मुलांच्या संगोपनासाठी एकट्या आयांना मिळणाऱ्या मदतीला एक अट असे, की घरात पुरुष राहता कामा नये. जानेवारी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील अलामेडा काउंटीने रविवारी भल्या पहाटे अशा घरांवर एकाच वेळी धाडी घालण्याचे ठरवले आणि समाजकार्यकर्त्यांना त्यासाठी बोलावले. बेनी पॅरिश नावाच्या एका अंध समाजकार्यकर्त्याने जाण्यास नकार दिला. कोणावरही विशिष्ट संशय नसताना झोपलेल्या कुटुंबाच्या घरात शिरणे घटनाबाह्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. आज्ञाभंगाबद्दल त्याला नोकरीवरून काढले. तो न्यायालयात गेला आणि १९६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाचा तसाच 'घरातला पुरुष' नियम रद्द ठरवला, आणि १९७० मध्ये सुनावणीची संधी दिल्याशिवाय कोणाची मदत बंद करता येणार नाही, असा निर्णय दिला. पॅरिश यांच्याजवळ त्या पहाटे होते ते एवढेच: आपण कोणाच्या दारात, कोणत्या अधिकाराने उभे आहोत, याचे ज्ञान. सक्तीचा विषय तिला हेच शिकवणार आहे.

त्यानंतरचे वळण शाखेच्या निवडीशी थेट जोडलेले आहे. १९६४-६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात अन्नकुपनांचा कायदा, मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (गरिबांसाठी आरोग्यमदत) आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रोख मदतीचे काम समाजकार्यकर्त्यांकडून काढून कारकुनांकडे गेले, आणि प्रशिक्षित कार्यकर्ते मोठ्या संख्येने मानसिक आरोग्याकडे वळले. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने संघराज्याच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीवर आयुष्यभरात साधारण साठ महिन्यांची मर्यादा आणि कामाची अट घातली. अनेक योजनांसाठी कायदेशीर स्थलांतरितांनाही पाच वर्षे थांबावे लागते, ते याच कायद्यामुळे. आपली कन्या ज्या घरांत जाईल, तेथील हिशेब या तारखांवर चाललेले असतील.

आता व्यवहाराचे. या पदवीत किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य असते, तेव्हा ही केवळ पुस्तकी पदवी नाही. मात्र स्वतंत्रपणे क्लिनिकल काम करण्याचा परवाना पदवीबरोबर मिळत नाही. त्यासाठी पदवीनंतर साधारण दोन किंवा अधिक वर्षे देखरेखीखाली काम आणि परीक्षा लागते, तास राज्यागणिक वेगळे असतात आणि परवाना त्या त्या राज्यापुरता असतो. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची मुभा मात्र साधारणपणे बारा महिने मिळते. या दोन मुदती जुळत नाहीत. म्हणून परवाना मिळेल आणि त्या पगारातून हप्ते फिटतील, या गृहीतावर कर्ज काढू नये. संगणक क्षेत्रातील पगाराशी तर तुलनाच करू नये. शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळत असेल तरच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती परत येणार असेल, तर मी धोरण आणि समुदाय यांची शाखा सुचवेन. अमेरिकेतून आलेली ती वाट आपल्याकडे परकी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला हल हाऊसच्याच धर्तीचे वस्तीकेंद्र चालवले, आणि तेथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आज आपण त्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तेथील, तसेच मुंबईच्या निर्मला निकेतनचे आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेचे अभ्यासक्रम कर्जाविना किंवा थोड्या कर्जात पूर्ण होऊ शकतात. त्यांचाही अर्ज तिने भरून ठेवावा.

जाण्याआधी उरलेल्या महिन्यांत तिने तहसील कार्यालयात बसून निराधार अनुदानाचे अर्ज भरायला आलेल्या आजींना मदत करावी. उत्पन्नाचा दाखला कोठे अडतो, हयातीचा दाखला न दिल्याने कोणाचे पैसे थांबले, हे तिने रोज वहीत लिहून ठेवावे. लोकांचे ऐकण्यात ती अधिक रमते की अडलेला नियम शोधण्यात, हे तिचे तिलाच त्या वहीतून दिसेल, आणि शाखा ठरवायला तो आधार पुरेसा आहे.

विद्यापीठाला मात्र या आठवड्यातच पत्र पाठवावे आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पहिल्या क्षेत्रकार्यानंतर शाखा बदलता येते का, क्षेत्रकार्याला मानधन असते का, आणि पदवीनंतरच्या कामाची नेमकी मुदत किती. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून हे उत्तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडूनच यावे. ते हाती आल्यावर कर्जाच्या रकमेसह मला पुन्हा लिहावे.