शंका-समाधान: एका नॅनोमीटरचे किती टेराहर्ट्झ?

प्रश्न: प्रयोगशाळेत ग्रेटिंग (अगदी जवळजवळ समांतर रेघा असलेली पट्टी) लावून सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी मी ५८९ ± १ नॅनोमीटर मोजली. तिची वारंवारता ५०९ टेराहर्ट्झ (१ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने) आली. मात्र १ नॅनोमीटरची संभाव्य चूक त्याच सूत्रात घातली, तर सुमारे ३ लाख टेराहर्ट्झ येतात. माझे कोठे चुकले?
— पदवीचा एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: आपला पहिला आकडा बरोबर आहे. प्रकाशाचा निर्वातातील वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, हा १९८३ पासून मीटरच्या व्याख्येतच बसवलेला असल्यामुळे त्या आकड्याच्या हजाराव्या भागाला, म्हणजे २,९९,७९२ ला, नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले, की वारंवारता थेट टेराहर्ट्झमध्ये मिळते.

घोटाळा दुसऱ्या पायरीवर आहे, आणि तो करणारे आपण पहिले नाही. वारंवारता तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन तरंगलांब्यांमधील फरकाला तो साधा भागाकार लागू पडत नाही. ५८८ आणि ५९० यांच्या वारंवारता वेगवेगळ्या काढून पाहाव्यात: ५०९.८५ आणि ५०८.१२, म्हणजे मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ०.८६. हेच थेट हवे असल्यास २,९९,७९२ ला तरंगलांबीतील संभाव्य चुकीने, म्हणजे येथे १ ने, गुणून तरंगलांबीच्या वर्गाने भागावे. वहीत ५०९.० ± ०.९ टेराहर्ट्झ लिहावे. दूरसंचाराच्या ऑप्टिकल फायबरमधील १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी तोच १ नॅनोमीटर केवळ ०.१२ टेराहर्ट्झ भरतो.

आपले मापन हवेतले आहे, निर्वातातले नव्हे. पण त्याने पडणारा फरक सुमारे ०.१४ टेराहर्ट्झचा असल्यामुळे या प्रयोगापुरता तो सोडून द्यावा.