कवळीचं पाणी कवितेत का नाही आलं?

प्रिय बेटा,

तुझ्या सातही कविता मिळाल्या. प्रिंट काढून, हातात पेन्सिल धरून दोनदा वाचल्या आणि वाचता वाचता खुणा करत गेलो तर काळोख अकरा वेळा, शून्य सहा वेळा, शिवाय पोकळी, राख, जखम हे सगळे आहेतच. तू हे लिहिताना खरंच रडत होतीस, त्याबद्दल मला शंका नाही. पण माझ्यापर्यंत ते रडू पोचलं नाही गं, फक्त त्याची नावं पोचली.

आणि मग कवितांच्या खाली तू सहज दोन ओळींचा मेसेज टाकलायस, की आजोबांना जाऊन चार महिने झाले पण आजी अजून मोरीच्या फळीवरच्या त्या वाटीतलं पाणी रोज बदलते ज्यात त्यांची कवळी ठेवलेली असायची, कवळी अजून तिथेच आहे, आणि घरात कोणीच त्यावर काही बोलत नाही. हे वाचल्यावर मला त्या संध्याकाळी दुसरं काही वाचता आलं नाही. वाटी दिसली, पाणी दिसलं, आजीचा हात दिसला. हे कवितेत का नाही आलं? मला वाटतं तुला कवळी हा शब्द कवितेच्या लायकीचा वाटला नसेल. दात, कवळी, मोरी, असलं कवितेत कसं घालायचं. म्हणून तू काळोखाकडे गेलीस, कारण काळोख आधीपासूनच कवितेतला शब्द आहे.

हीच भीती मराठी कवितेतून कवी बा. सी. मर्ढेकरांनी काढली. १९४७ साली त्यांचा काही कविता हा संग्रह आला, त्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि त्यातून ते सुटले, ते सगळं तू कधीतरी वाचशीलच. आज मला तुला फक्त त्यांचा गणपत वाणी दाखवायचाय. कविता तुला शाळेपासून माहीत असेल, तरी परत काढ आणि हळू वाच. 'गणपत वाणी बिडी पिताना चावायचा नुसतीच काडी', आणि मनाशी म्हणायचा की या जागेवर माडी बांधीन. बस. त्याला दुःख आहे, त्याचं स्वप्न पुरं होत नाहीये, असं एकदाही म्हटलेलं नाही. जिरं धणे आहेत, खोबरेल आहे, उशाला पोतं आहे, आडोशाला तुपाचा वास आहे. आणि यमक बघ काय करतंय, काडी आणि माडी. माडीचं स्वप्न बघायचं आणि तोंडात काय तर काडी, दोन्हींत फरक एका अक्षराचा आणि त्या एका अक्षरात माणसाचा सगळा जन्म जातो. पुढे त्या चावून फेकलेल्या काड्या दुकानाच्या जमिनीत रुतत जातात, म्हणजे ज्या जागेवर माडी उभी राहायची तिथे शेवटी काड्याच रोवल्या गेल्या. हे कवी सांगत नाही, आपल्याला दिसतं आणि पोटात खड्डा पडतो.

आता प्रतिमा आणि प्रतीक यात फरक काय असं तू मागे विचारलं होतंस, तर याच काडीवरून सांगतो. सुरुवातीला ती काडी आहे, चघळलेली, थुंकीने ओली, अगदी खरी. ती प्रतिमा. मग ती परत येते, जमिनीत रुतते, आणि तिच्यात हळूहळू गणपतचं आयुष्य भरत जातं, मग ती प्रतीक होते. उलट्या वाटेने जायचं नाही. तू तुझ्या चौथ्या कवितेत पिंजरा आणलायस कारण तुला बंधन दाखवायचं होतं, त्यामुळे तो पिंजरा कुठल्या तारेचा, त्याला गंज आहे का, दार कुरकुरतं का, यातलं काहीच तू बघितलेलं नाहीस. तो आधीच प्रतीक म्हणून आला आणि त्याला पिंजरा व्हायला सवडच मिळाली नाही.

मर्ढेकरांचीच उंदरांची कविता घे. तिचे अर्थ लावणारे खूप झाले, कुणाला त्यात युद्ध दिसतं, कुणाला यंत्रयुगातला माणूस, कुणाला मुंबई, आणि सगळे आपापल्या जागी बरोबर असतील. पण अर्थ लावायच्या आधी पहिली ओळ नुसती मोठ्याने म्हण: 'पिपांत मेले ओल्या उंदिर'. ओलं पीप आहे, साधं वाक्य असतं तर ओल्या पिपात उंदीर मेले असं झालं असतं. त्यांनी ओल्या हा शब्द उचलून उंदरांच्या शेजारी नेऊन ठेवला, आणि ती ओल पिपाची राहूनसुद्धा उंदरांच्या अंगाला चिकटली. किळस, दया, भीती सगळं त्या एका सरकवलेल्या शब्दातून येतं. आणि त्याच कवितेत ओठांवरच्या मधाच्या पोळ्याला ते बेकलायटी म्हणतात. बेकलाईट म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक, तू ते बघितलं नसशील, आमच्या जुन्या घरात भिंतीवर काळी गोल बटणं असायची त्याची, गुळगुळीत, कडक, जास्त तापली की एक जळका वास यायचा. ते बोटाला माहीत असलं की मध आणि बेकलाईट एकत्र आल्यावर जीभेवर काय होतं ते कुणी समजवावं लागत नाही.

मर्ढेकरांनी यावर विचारही मांडलाय, त्यांचा शब्द आहे भावनानिष्ठ समतानता. जड वाटतो पण गोष्ट साधी आहे. दोन वस्तू दिसायला सारख्या असायची गरज नाही, त्यांनी मनात उठणारी भावना सारखी हवी. त्यांच्याच एका कवितेत मुंबई बंदरावरची माघातली सकाळ येते, 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने'. बंदर आणि गरोदर बाई दिसायला कुठे सारख्या आहेत? पण न्हाऊन आलेल्या त्या बाईकडे बघून जे शांत, भरलेलं, थोडं जपून ठेवावंसं वाटतं ना, तेच त्या सकाळीने वाटतं. तिकडे इंग्रजी कवी टी. एस. एलियटनेही १९१९ मध्ये शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकावर लिहिताना जवळपास याच दिशेचं म्हटलं होतं, की भावना थेट सांगता येत नाही, तिच्या जोडीची वस्तू, प्रसंग, घटना शोधावी लागते. तू ती शोधली होतीस, कवळीची वाटी. फक्त चुकीच्या कागदावर लिहिलीस.

कवी ग्रेसांचं म्हणशील तर त्यांच्या 'ती गेली तेव्हा' या कवितेतला पाऊस सगळ्यांना पाठ आहे, पण माझं लक्ष नेहमी त्यातल्या सावध वाऱ्याकडे जातं. ती आई आहे, मुलगा रडतोय आणि वारा पाचोळा उडवतोय, पण सावधपणे. एवढं रडू चाललेलं असताना आवाज होऊ नये म्हणून जपणारा वारा. त्या सावध शब्दासाठी माणूस किती दिवस बसला असेल असं मला दर वेळी वाटतं.

बसण्यावरून अमेरिकन कवी एझरा पाउंडचं सांगतो. पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर उतरल्यावर गर्दीत एकामागून एक सुंदर चेहरे दिसले, तर त्याने तीस ओळींची कविता लिहिली आणि फाडून टाकली, सहा महिन्यांनी त्याच्या निम्मी लिहिली, आणि वर्षभराने दोन ओळी उरल्या, चेहरे आणि ओल्या काळ्या फांदीवरच्या पाकळ्या. १९१३ साली छापली ती. मी तुला वर्षभर थांब म्हणत नाहीये. पण तुझ्या प्रत्येक कवितेत शेवटचं कडवं आधीच्या कडव्यांचा अर्थ सांगतंय, ते सातही ठिकाणी काढून बघ. तिसरी कविता तर त्याने एकदम उभी राहते, मी पेन्सिलीने आडवी रेघ मारून वाचली तेव्हा अंगावर काटा आला. ती दवाखान्याच्या जिन्यावरची चप्पल फार चांगली आहे, तिला एकटेपणाची चप्पल म्हणू नकोस, चप्पलच राहू दे.

कवळीची कविता मात्र लिही. घाई नको. आणि लिहिताना त्यात मृत्यू, आठवण, विरह यातला एकही शब्द येऊ देऊ नकोस, बघ जमतं का. त्याआधी दोन दिवस सकाळी आजीच्या आधी ऊठ आणि नुसती बघत राहा, ती पाणी चहाच्या आधी बदलते की नंतर, जुनं पाणी मोरीत ओतते की तुळशीत, वाटी विसळते का, आणि कवळी काढताना ती तिच्याकडे बघते का. विचारू मात्र नकोस तिला. रविवारी चारनंतर मी घरीच आहे, जेवढं झालं असेल तेवढं घेऊन ये.

तुझे
सर