सेवा क्लबांचे प्रश्न : रक्तदानाची तारीख, वॉकरची उंची आणि दोन बँक खाती

जुलैत रोटरी आणि लायन्स क्लबांचं नवं वर्ष सुरू होतं. पदग्रहण समारंभ उरकतो, नवे अध्यक्ष-सचिव कामाला लागतात आणि वर्षभराच्या उपक्रमांची यादी होते. या वेळची बहुतेक पत्रं त्या यादीतल्या नेहमीच्याच कामांबद्दल आहेत.

प्रश्न : दरवर्षी १५ ऑगस्टला आमचं रक्तदान शिबिर असतं. यंदा २०० पिशव्यांचं उद्दिष्ट ठरवलं, तर रक्तपेढी म्हणते, शंभरावर नकोत. रक्ताचा तुटवडा असतो ना? मग नकार का? (सचिव, सातारा जिल्हा)

तुटवडा असतो, पण तो १५ ऑगस्टला नसतो. त्या आठवड्यात तुमच्यासारखी अनेक शिबिरं होतात आणि रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा आहेत. लाल पेशी योग्य द्रावणात २ ते ६ अंश सेल्सियसला जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवल्या तरी पाचच दिवस. एकाच दिवशी २०० पिशव्या आल्या, तर सहाव्या दिवशी डेंग्यूच्या रुग्णाला त्यातली एकही प्लेटलेट मिळत नाही.

दुसरा तोटा तारखांचा. पुरुषाला पुन्हा रक्तदान करण्यासाठी ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावं लागतं. १५ ऑगस्टला रक्त दिलेला पुरुष दाता १३ नोव्हेंबरपर्यंत आणि स्त्री दाता १३ डिसेंबरपर्यंत बाद. म्हणजे दिवाळीत, कॉलेजं बंद आणि निम्मं गाव प्रवासात असताना, तुमच्या गावातले हक्काचे दातेही रांगेत उभे राहू शकत नाहीत. म्हणून तुटवडा असतो तेव्हा, एकाच्या जागी दोन शिबिरं घ्या : एक एप्रिलचा उत्तरार्ध ते मे या काळात, दुसरं दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी. तारीख आधी रक्तपेढीला विचारा आणि किती पिशव्या हव्यात ते लेखी घ्या. हॉलचं बुकिंग त्यानंतर. बहुतेक क्लब नेमकं उलटं करतात.

मे महिन्यातलं शिबिर सकाळी ८ ते १२ ठेवा. एका खाटेवर तासाला तीन दाते धरा. सहा खाटांवर चार तासांत ७२ होतात, त्याहून जास्त माणसं बोलावली की रांग उन्हात जाते आणि चक्कर येणाऱ्यांची संख्या वाढते. गाडं बहुधा खाटांपाशी अडत नाही, डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलाशी अडतं, म्हणून अर्ज भरण्यासाठी तुमचे तीन-चार कार्यकर्ते द्या. प्लेटलेट वेगळ्या करायच्या असतील तर रक्त काढल्यापासून सहा तासांच्या आत ते काम व्हावं लागतं. त्यामुळे समारोपाची भाषणं होईपर्यंत रक्तपेढीची गाडी थांबवून ठेवू नका.

दात्याचं वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देणाऱ्याला ६० पर्यंतच), वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. ४५ ते ५५ किलो वजनाच्या दात्याकडून ३५० मिली, त्याहून जास्त वजनाच्या दात्याकडून ४५० मिली घेता येतं. गोंदवून वर्ष झालेलं नसेल तर थांबावं लागतं. उपाशीपोटी येऊ नका हे निरोपातच लिहा. आपल्याकडे रक्त तपासायचं म्हटलं की लोक उपाशी येतात, आणि चक्करेचं ते मोठं कारण आहे. चक्कर आलीच तर आडवं करून पाय वर घ्या. अशा दात्याला तासभर तरी मोटारसायकलवर बसू देऊ नका.

प्रश्न : दाते वाढावेत म्हणून हेल्मेट किंवा मिक्सर द्यावा का? (सभासद, नाशिक)

नाही. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर देशात बंद झालं, आणि महागडी भेट हा पैशाचाच दुसरा अवतार आहे. भेटीच्या आशेनं आलेला माणूस गेल्या वर्षीची कावीळ किंवा चालू असलेलं औषध लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं, पण अगदी ताजा संसर्ग तपासणीतून निसटू शकतो. चहा, केळं, बिस्किटं आणि प्रमाणपत्र पुरे.

प्रश्न : गावात रुग्णसाहित्य केंद्र सुरू करायचं आहे. सुरुवातीला काय घ्यावं, अनामत किती ठेवावी? शेजारच्या गावातल्या केंद्राच्या निम्म्या वस्तू परत आल्याच नाहीत, असं ऐकतो. (अध्यक्ष, कोल्हापूर जिल्हा)

आमच्या मते क्लबच्या सगळ्या उपक्रमांत हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त उपयोगाचा. फोटो मात्र उद्घाटनाचा एकच निघतो, म्हणून तो मागे पडतो.

सुरुवात वॉकर, कुबड्या, काठ्या, कमोड खुर्च्या, दोन-तीन व्हीलचेअर आणि एक-दोन एअरबेड (अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या पट्ट्यांची गादी) यांनी करा. मागणी यांनाच जास्त. डोक्याची आणि पायांची बाजू वर-खाली होणारा फाऊलर बेड नंतर घ्या, कारण तो न्यायला टेम्पो लागतो आणि अरुंद जिन्यातून वर जात नाही. खाटेचे पाय आणि पाठ सुटे होणाराच घ्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारं यंत्र) मात्र देखभालीला माणूस असेल तरच.

अनामत वस्तूच्या किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी ठेवा. फार कमी ठेवली तर वस्तू माळ्यावर जाते, फार जास्त ठेवली तर गरजू येतच नाही. ज्याला तीही जमत नाही त्याला सभासदाच्या शिफारशीवर द्या आणि तसं वहीत लिहा. प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक, वहीत दोन फोन नंबर, मुदत एक महिन्याची. मुदत संपली की फोन करून वाढवायची. वस्तू परत येत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा अप्रामाणिकपणा नसतो. रुग्ण दगावलेला असतो आणि त्या घरात कोणाला वॉकरची आठवण राहत नाही. तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी फोन करा आणि वस्तू स्वतः जाऊन आणा, बोल न लावता.

देताना दोन मिनिटं शिकवणं हा यातला खरा भाग. वॉकरची उंची अशी : रुग्ण सरळ उभा राहून हात सैल सोडतो तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीला यावी. पकडल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. उंची जास्त झाली तर खांदे वर चढतात, कमी झाली तर माणूस पुढे झुकून पडतो. खालची रबरी बुचं झिजली असतील तर वॉकर देऊच नका, फरशीवर तो बर्फासारखा घसरतो. जादा बुचांचं पाकीट केंद्रात असू द्या. एअरबेड नेहमीच्या गादीवर अंथरायचा, वर एकच पातळ चादर. जाड गोधडी घातली की हवेच्या पट्ट्यांचा उपयोग संपतो. पिना लावायच्या नाहीत. आणि एअरबेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

कॉन्सन्ट्रेटर डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच द्या. मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन हा आकडा त्यांनी लिहिलेलाच ठेवायचा, घरच्यांनी वाढवायचा नाही. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट खातं, घरातला छोटा इन्व्हर्टर ते फार वेळ चालवू शकत नाही, म्हणून वीज गेली तर काय हे आधीच ठरवा. बाहेरची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवायची, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी रोज बदलायचं, नाकातली नळी प्रत्येक रुग्णाला नवी. यंत्र आडवं करून नेऊ नका. वापरात नसेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, नाही तर आतल्या शोषक खड्यांत ओल शिरते आणि ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं.

परत आलेली वस्तू आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग ०.५ टक्के हायपोक्लोराईट (ब्लीचचं जंतुनाशक द्रावण) लावून दहा मिनिटं ठेवा आणि पुसा, नाही तर लोखंडी भाग गंजतो. विकत आणलेलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भागात नऊ भाग पाणी. ते रोज ताजं करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

प्रश्न : मोतीबिंदू शिबिरात १२० जण तपासले, ४० जणांना शस्त्रक्रिया सांगितली, प्रत्यक्षात १७ जणच रुग्णालयात पोहोचले. काय चुकलं? (सचिव, बीड जिल्हा)

बहुधा तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्यात फार दिवस गेले, किंवा सोबत कोण येणार हे ठरलं नव्हतं. शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया करण्याचे दिवस संसर्गाच्या घटनांमुळे संपले. आता गावात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या थिएटरमध्येच, त्यामुळे मधला प्रवास क्लबच्या अंगावर येतो. तपासणीच्याच दिवशी रुग्णाच्या हातात तारीख, गाडीची वेळ आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव लिहिलेला कागद द्या. साखर आणि रक्तदाब गावातच मोजा. साखर वाढलेली निघाली तर रुग्णालय परत पाठवतं, आणि एकदा परत आलेला म्हातारा दुसऱ्यांदा गाडीत बसत नाही. डोळ्यातून पू येत असेल किंवा अश्रुपिशवीची नळी बंद असेल, तर आधी तो उपचार. तपासणीची खोली सहा मीटर लांब हवी, कारण अक्षरांचा तक्ता त्या अंतराचा असतो.

नंतरचे फेरे दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्या-दीड महिन्याने. त्यांचंही भाडं अंदाजपत्रकात धरा. डोळा लाल झाला, दुखला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. त्यासाठी कागदावर क्लबचा एक नंबर हवा, आणि तो फोन उचलणारा माणूस हवा.

प्रश्न : १०० झाडं लावायची आहेत. खर्चाचा अंदाज द्या. (सभासद, अहिल्यानगर जिल्हा)

रोपांपेक्षा पाणी महाग पडतं. नोव्हेंबर ते मे साधारण ३० आठवडे. दर झाडाला आठवड्याला २० लिटर धरलं तर वर्षाला ६०,००० लिटर, म्हणजे ५००० लिटरचे बारा टँकर, आणि असं दोन उन्हाळे. पैसे तेवढे नसतील तर ४० झाडं लावा. खड्डे मेमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल काढून तापू द्या, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर पाच-सहा फुटांची रोपं लावा. पिशवी पूर्ण काढा, तळाशी गोल फिरलेली मुळं कापा. करंज, कडुनिंब, बहावा चालतात. वड-पिंपळ भिंतीपासून आणि तारांपासून लांब. संरक्षक जाळी खोडात रुतण्याआधी काढायचं कामही कोणाच्या तरी नावावर लिहा.

प्रश्न : शिबिरासाठी व्यापाऱ्यांनी दिलेली वर्गणी क्लबच्या खात्यात भरली तर चालते का? (नवे खजिनदार, पुणे जिल्हा)

सभासदांच्या वर्गणीचं आणि लोकांनी सेवाकार्यासाठी दिलेल्या पैशांचं खातं वेगळं ठेवा. सेवाकार्याच्या खात्यातून पदग्रहणाचं जेवण किंवा बॅनरचा खर्च निघता कामा नये. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) असेल तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला ती मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्या. क्लबचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली नोंदलेला असेल आणि दरवर्षी विश्वस्त बदलत असतील, तर बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. १ जुलैचा बदल असेल तर सप्टेंबर संपण्याआधी. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव पहिल्याच सभेत करून इतिवृत्तात घ्या. पाच-पाच वर्षांचे अर्ज थकलेले न्यास आहेत, आणि देणगी द्यायला तयार असलेली कंपनी कागदपत्रं मागते तेव्हा ते उघडं पडतं. तुमच्याकडे जुने अर्ज थकले असतील तर सर्वांत जुन्यापासून क्रमाने भरायला घ्या, कारण मधली साखळी तुटलेली असताना नवा बदल मंजूर करून घेणं अवघड जातं.