लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेल्या विनोदी मालिका आज पाहिल्या तर खरंच हसू येतं का, की ते नुसतं आठवणींचं कौतुक असतं? मुलांना दाखवायच्या तर कुठल्या?

उत्तर द्यायला मी तसा अपात्रच. तुम्ही ‘पाहिलेल्या’ मालिकांबद्दल विचारलंय आणि मी त्या पाहिल्याच नाहीत. ऐकल्यात. माळवदावर उभं राहून, अँटेनाचा पाईप दोन्ही हातांनी धरून.

पण ‘नुसतं आठवणींचं कौतुक’ हे वाचलं आणि राहवलं नाही. गेल्या वर्षी गावच्या जत्रेला माझा चुलत भाऊ पंगतीत बसून हेच बोलला होता. दादा आता पुण्यात असतो, मोठा टीव्ही आहे, चार ठिकाणचं सबस्क्रिप्शन आहे. म्हणाला, “काय नव्हतं रं त्यात. एकच चॅनेल होता, कायबी लावलं तरी आपण हसायचो.” सगळी पंगत हो हो म्हणाली. माझ्या हातात आमटीची बादली होती म्हणून गप्प बसलो.

आमचं गाव तासगावच्या पूर्वेला. सांगलीच्या केंद्राचं प्रक्षेपण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर दमून जायचं. १९८७ साली रामायण सुरू झालं आणि माझे चुलते, म्हणजे आप्पा, द्राक्षाचे पैसे आल्या आल्या लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही घेऊन आले. माळवदावर वीस फुटी लोखंडी पाईप उभा केला, वर अँटेना, त्याला बूस्टर, चपटी वायर खाली सोप्यात. पाईपला तीन बाजूंनी तारेचे ताण दिलेले. या तारा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

इतकं करून चित्र यायचं ते मुंग्यांसकट. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाईप हातात धरून उभं राहिलं की मुंग्या जातात आणि सोडला की परत येतात. असं का होतं ते मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. रामायणाच्या वेळी पाईप धरायला पोरांची भांडणं लागायची, पुण्याचं काम म्हणून. विनोदी मालिकांना पुण्य नव्हतं, त्यामुळे तिथं मी. घरात सगळ्यात लहान, बारा वर्षांचा.

खाली टीव्हीपुढे पहिल्या रांगेत दादा. दारात माझी बहीण निरोप द्यायला. “आलं का गं?” “आलं!” “सोडू का?” “सोडू नगंस! गेलं, गेलं, परत धर!” हे पहिली पाच मिनिटं चालायचं. एकदा चित्र थांबलं की बहीणही आत पळायची आणि मी वर एकटा. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक होतं, त्यातून निळसर प्रकाश वर यायचा आणि आवाज.

‘वागले की दुनिया’ मी अशी ऐकली. १९८८ची मालिका, आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवर कुंदन शहांनी केलेली. माझ्या डोक्यातला वागळे उंच, किडकिडीत, आमच्या सोसायटीच्या सचिवासारखा होता. अंजन श्रीवास्तवना पुढं कितीतरी वर्षांनी पाहिलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडी निराशाच झाली. बायकोचा आवाज मात्र मनात होता तसाच निघाला. भारती आचरेकरांच्या त्या आवाजात हिंदी बोलतानासुद्धा मराठी घर ऐकू येतं.

खालचा हशा नेहमी दोनदा यायचा. पहिला हिंदी समजणाऱ्यांचा. मग बहीण आजीला मराठीत सांगायची आणि आजी एकटी हसायची, खोकल्यासकट. आजीचं हसू ऐकून बाकीचे पुन्हा हसायचे. तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं. म्हणजे मला विनोदाचा पहिला अर्धा भाग ऐकू यायचा आणि उरलेला रात्री अंथरुणात मी जुळवायचो. नव्वदच्या दशकातल्या काही मालिकांत हशा रेकॉर्ड करून मध्येमध्ये घातलेला असायचा ना, तो मला म्हणूनच सहन होत नाही. त्या हशात कुणी खोकत नाही.

आता दादाच्या ‘एकच चॅनेल’बद्दल.

त्याच चॅनेलवर, त्याच टीव्हीवर, त्याच माणसांसमोर इतरही पुष्कळ मालिका लागायच्या, विनोदी म्हणवणाऱ्यासुद्धा. अर्धा अर्धा तास खालून फक्त चुलत्या-आत्यांचं बोलणं, चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज आणि आप्पांचं घोरणं ऐकू यायचं. हशा नाही. त्या मालिकांची नावंसुद्धा कुणाला आठवत नाहीत, दादालाही नाहीत. पर्याय नाही म्हणून माणूस बसेल, पण पर्याय नाही म्हणून हसणार नाही. आप्पा तर नाहीच. ते घरच्या लग्नातसुद्धा हसले नव्हते.

दुसरा पुरावा माझा स्वतःचा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी, पंचेचाळिशीचा माणूस, बेदाण्याचे सौदे बंद म्हणून घरी बसून होतो. मोबाईलवर वागळे शोधला आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. त्यातली चित्रं माझ्या आठवणीत नव्हतीच, मी ती कधी पाहिलेली नव्हती. तरी हसलो. आणि बहुतेक त्याच जागांवर, जिथं खालचा हशा माझ्या कानात बसलाय. यात आठवणींचं कौतुक कुठून येणार? माझी त्या मालिकेची आठवण म्हणजे हाताला आलेली मुंगी आणि गार लोखंड.

‘फ्लॉप शो’चं तर विचारूच नका. १९८९, जसपाल भट्टी, मोजून दहा भाग. प्रत्येक भागाच्या शेवटी विडंबनगीत असायचं, आणि गाणं माळवदावर सगळ्यात चांगलं ऐकू येतं. पीएचडीचा गाईड विद्यार्थ्याला घरची कामं सांगतो तो भाग मी गेल्या दिवाळीत भाचीला दाखवला. ती सध्या पीएचडी करते. आधी हसली, मग गंभीर झाली, मग तिनं तो तिच्या अख्ख्या ग्रुपला पाठवला. तिचा गाईड कोण ते मी इथं लिहिणार नाही. ती जन्मली तेव्हा हा भाग दहा-बारा वर्षं जुना झाला होता. आता सांगा, तिचं कुठलं बालपण?

मुलांना काय दाखवायचं, तर हे दोन दाखवा. मराठीत ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दाखवा. ती २००१ नंतरची, म्हणजे माझ्या लहानपणची नाही, पण दिलीप प्रभावळकरांचे आबा कुठल्याही वयाच्या पोरांना चालतात. त्यांचाच चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असायचे, पण ते भाग आता मोजकेच पाहायला मिळतात. रघुवीर यादवांचा ‘मुंगेरीलाल’ पहिल्या दोन भागांत पकडला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

आणि दाखवताना शेजारी बसून “आता बघ, आता बघ” करू नका. मी पोरीला असंच करून वागळे नासवला होता. ती माझ्याच तोंडाकडे बघत बसली. शेवटी मी उठून आत गेलो आणि दाराआडून ऐकलं, तेव्हा ती हसली. मला तसंही ऐकूनच समजतं.

एक कबूल करतो, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. सगळंच टिकलेलं नाही. ‘श्रीमान श्रीमती’ त्याच लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने परत दाखवली. रीमा लागूंसाठी मी कौतुकानं लावली. दोन शेजारी आणि दोघांचाही डोळा एकमेकांच्या बायकोवर, हाच तिचा सगळा पाया. पोरीनं विचारलं, “पप्पा, तो काकांसारखा माणूस त्या बाईकडं असा का बघतोय?” मी चॅनेल बदलला. रीमा लागू आणि जतिन कनाकिया आजही तितकेच छान वाटतात, पण पोरीच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय जुन्या मालिकांचा वेग कमी आहे, चित्र धुरकट आहे. पहिली दहा मिनिटं पोरं कुरकुरणार. तेवढ्यापुरता दादा बरोबर असेल. तेवढ्यापुरताच.

कारण दादाला त्या मालिका नको आहेत याचं खरं कारण वेगळंच आहे. ‘फ्लॉप शो’च्या एका रात्री वारा सुटला, वीस फुटी पाईप माझ्या हातातून निसटला आणि अँटेनासकट शेजारच्या पत्र्यावर पडला. मोठा आवाज झाला, म्हशी उठल्या, खालचा हशा एकदम बंद. आप्पा शिडीवरून वर आले आणि दोन ठेवून दिल्या. पुढं महिनाभर टीव्ही बंद, आणि अख्ख्या घराची कुरकुर माझ्या नावावर. गावात मला आजही ‘अँटेना’ म्हणतात. बँकेतसुद्धा.

मी तेव्हाही सांगत होतो आणि आताही सांगतो, मी पाईप सोडला नव्हता. पश्चिमेकडचा ताण खुंटीला नव्हताच. तीन तारांतली एक त्या दिवशी दुपारीच गेली होती. बारा वर्षांच्या पोराच्या हातात वीस फूट लोखंड वाऱ्यात कितीसं राहणार?

दादा, तू हे वाचशील, वहिनी तुला दाखवतीलच. त्या उन्हाळ्यात तुझ्या सायकलच्या कॅरिअरला जी नवीन तार गुंडाळलेली होती ना, ती कुठून आणलीस तेवढं येत्या जत्रेत पंगतीत सांग. आमटी मीच वाढणार आहे.