पावसाळाभर गाडी उभी राहणार, मग ऑइल कधी बदलायचं?

प्रश्न: नमस्कार दादा. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रोडपासून घरापर्यंत दीड किलोमीटर पांदण हाय अन् माती काळी, मृग लागला की गाडी निघतच नाही. म्हणून जूनपासून दिवाळीपर्यंत आमची पेट्रोल कार गोदामात उभी असते, मग लग्नसराई, दवाखाना, यवतमाळच्या चकरा असं करून वर्षाला अडीच-तीन हजार किलोमीटर होते. मी दरवर्षी दिवाळीत गाडी बाहेर काढली की ऑइल बदलतो. मेकॅनिक म्हणतो अजून १० हजार झाले नाहीत, राहू द्या. साळा म्हणतो उभ्या गाडीत ऑइल खराब होते, ठेवताना अन् काढताना दोन्ही टाइम बदला. पोरगा दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो. नेमकं कोणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, ऑइल वर्षातून एकदाच बदला, पण दिवाळीत नाही, मे संपता संपता, गाडी गोदामात लावायच्या आधी. खर्च तोच राहतो, फक्त तारीख सरकते. पहिल्या वर्षी तेवढं दिवाळीचं ऑइल सात महिन्यांतच काढावं लागेल आणि ते जिवावर येईल, पण काढा.

का ते सांगतो, कारण हे एकदा समजलं की परत कोणाला विचारावं लागत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं पण थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथं, उतरतं, त्याच्यासोबत न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि थोडे आम्लाचे अंशही येतात. नवीन ऑइलमध्ये हे आम्ल मारायला औषध घातलेलं असतं, ते वापरात हळूहळू संपत जातं. गाडी रोज चालत असली तर ऑइल तापतं आणि पाणी उडून जातं. तुमची गाडी मात्र हे सगळं पोटात घेऊन पाच महिने एका जागी उभी, वरून टिनाचं गोदाम, दिवसा तापतं रात्री गार होतं, हवेत ओल. बेअरिंगवर, कॅमवर जो ऑइलचा पातळ थर राहतो तो घाणेरड्या ऑइलचा असला तर ते आम्ल आणि ओल मिळून धातूला हळूहळू खातात. आणि तुम्ही काय करता, पाच महिने ते घाण ऑइल इंजिनमध्ये ठेवून दिवाळीला नवीन टाकता, म्हणजे नुकसान व्हायचा काळ संपल्यावर.

एका पावसाळ्यात इंजिन बसत नाही, तुम्हाला उगीच घाबरवत नाही. पण आमच्या घरी एक जुनी डिझेल जीप होती, तीही अशीच पांदणीमुळं चार-पाच पावसाळे काळ्या ऑइलवर उभी राहिली, आम्हाला वाटायचं चाललीच कुठे तर ऑइल कशाला बदलायचं. पुढे खालून आवाज यायला लागला म्हणून इंजिन उघडलं तर बेअरिंगच्या वाट्यांवर बारीक बारीक खड्डे, देवीच्या वणासारखे. त्या काळी डिझेलमध्ये गंधक खूप असायचं, बीएस-३ या जुन्या प्रदूषण नियमात डिझेलला ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) मुभा होती, आताच्या बीएस-६ ला १० पीपीएम आहे, त्यामुळे आम्लाचा त्रास पुष्कळ कमी झाला. पाण्याचा मात्र कमी झालेला नाही, ते इंधन जळण्यातूनच येतं. त्या वाट्या हातात घेतल्या तेव्हा फार वाईट वाटलं हो, कारण त्याच गाडीनं आमच्या घरची दोन बाळंतपणं वेळेवर दवाखान्यात पोचवली होती. म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

मेकॅनिकचं १० हजार बरोबर आहे पण अर्धं. गाडीच्या पुस्तकात किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात, बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, काही जुन्या गाड्यांना याहूनही कमी. तुमच्यासारख्याला किलोमीटर कधी लागूच होत नाही, कॅलेंडर लागू होतं. आणि साळ्याचं म्हणाल तर नवीन स्वच्छ ऑइल पाच महिने उभं राहून खराब होत नाही, ते दिवाळीत परत काढून फेकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. कोणी असंही सांगतात की ऑइल पूर्ण काढून चेंबर रिकामं ठेवा, तसं तर कधीच करू नका, आतला धातू उघडा पडतो आणि दिवाळीत कोणी न पाहता सेल्फ मारला तर संपलंच.

करायचं असं की, रोडवर एक चक्कर मारून या, १५-२० किलोमीटर, म्हणजे ऑइल गरम होऊन तळाची घाण त्यात मिसळते, मग गरम असतानाच चेंबरचा नट खोलून पूर्ण निथळू द्या, हात तेवढा जपा. फिल्टर दर वेळी नवीन, नटाचं वायसरही नवीन, ते काही रुपयांत मिळतं आणि तेच जुनं राहिलं तर गोदामात थेंब थेंब गळत बसतं. ऑइलचा ग्रेड पुस्तकातच पाहा, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो म्हणून दुकानदार जाडं २०डब्ल्यू-४० गळ्यात मारतात, पण पुस्तकात पातळ ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला, गरम इंजिनातलं ऑइल बाहेरच्या ४५ पेक्षा दुपटीनं तापलेलं असतं आणि ग्रेड त्याच हिशेबानं ठरवलेला असतो. नवीन ऑइल टाकल्यावर दहा-बारा किलोमीटर गाडी चालवा म्हणजे ते सगळीकडे पोचेल, तशीच गोदामात न्या आणि बंद करा. आता दिवाळीपर्यंत सेल्फला हात लावायचा नाही.

म्हणजे पोराचं रविवारचं काम बंद. त्याला रागावू नका, त्याच्या मनात गाडीची काळजीच आहे. पण पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, नवीन पाणी तेवढं तयार होतं आणि चेंबरमध्येच राहतं. काट्यावर पाणी गरम झालेलं दिसतं, ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. महिन्यातून एकदा २०-२५ किलोमीटर रोडवर नेता आली तर उत्तम, तुमच्या पांदणीत ते होणार नाही, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि गाडी शांत उभी राहू द्या. हँडब्रेक सोडून गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा. टाकी भरून ठेवा, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं, टाकीत हवेला जागाच कमी ठेवायची.

दिवाळीत आधी बोनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यात पाहा, शेजारी सोयाबीनची पोती असली की उंदीर तिथं घर करतात, वायरीही पाहा. मग पट्टी काढून ऑइल पाहा. लेव्हल बरोबर आणि रंग स्वच्छ असेल तर चालू करा, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदात विझला पाहिजे, पहिलं मिनिट रेस देऊ नका. ऑइल टाकायच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली तर ती ओल आहे, लांब चालवल्यावर जाते. पट्टीवरचंच ऑइल चहासारखं दुधाळ आलं आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी झालेलं असलं तर मात्र चालू न करता मेकॅनिकला बोलवा, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, गेलेलं असतं.

प्रश्न: ट्रॅक्टरसाठी आणलेलं ऑइल उरलं आहे, ते पेट्रोल कारमध्ये चालेल का? (एक वाचक, आर्वी)

उत्तर: नका घालू. ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल डिझेलसाठी आणि बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असतं, तुमच्या कारला पातळ लागतं. गिअर-हायड्रॉलिकचं असेल तर ते कोणत्याच इंजिनात जात नाही. डबा घट्ट बंद करून सावलीत ठेवा, पुढच्या सर्व्हिसिंगला ट्रॅक्टरलाच कामी येईल.

प्रश्न: काढलेलं काळं ऑइल आम्ही उधईसाठी गोठ्याच्या खांबांना अन् बैलबंडीला लावतो. काही त्रास? (एक वाचक, दिग्रस)

उत्तर: आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालत आलं, पण मी आता थांबवलंय. जळक्या ऑइलमध्ये कातडीतून आत जाणारे आणि कॅन्सर करू शकणारे पदार्थ असतात, आणि गोठ्यातली जनावरं खांब चाटतात. विहिरीजवळ किंवा नाल्यात तर एक थेंबही ओतू नका. सरकारी नियमात ते घातक कचऱ्यात मोडतं, डब्यात जमा करून गॅरेजवाल्याकडे द्या, तिथून ते शुद्धीकरणाला नेणारे घेऊन जातात.